मॅडमनी अजून रिलीज केलं नाही

गजभिये मॅडम ‘बरं’ म्हणाल्या की त्याचा अर्थ ‘बघते’ असा असायचा, आणि ‘बघते’ म्हणाल्या की काम लटकलं असं आम्ही समजायचो. ‘हो’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी फारसा ऐकलाच नाही. चहा घेणार का असं विचारलं तर ‘कोणी केला?’ असा उलटा प्रश्न यायचा. पवनीची बस लागली की पाटी वाचून चढणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. त्या कंडक्टरला विचारायच्या, मग आत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारायच्या, आणि दोघांचं जुळलं तरच पायरीवर पाय ठेवायच्या.

त्यांच्या चुलतबहिणीच्या लग्नात द्यायला पाणी भरायची पितळेची गुंडी घ्यायची होती, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. आमचं ऑफिसच भंडाऱ्याच्या बाजारात एका भांड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं, तेव्हा लांब जायचं काही कारण नव्हतं. मॅडमनी गुंडी बोटानं वाजवली, उलटी केली, बूड डोळ्यापाशी नेलं. मग दुकानदाराला म्हणाल्या, “पाणी भरून द्या जी यात.” त्यानं भरून दिलं. त्यांनी गुंडी एका वर्तमानपत्रावर ठेवली आणि समोरच्या बाकावर बसून राहिल्या. दुकानदार बिचारा पिढीजात व्यापारी, त्याच्या बापजाद्यांचा एवढा अपमान कोणी केला नसेल. तो म्हणाला, “बाई, आमचं भांडं गळत नाही.” मॅडम म्हणाल्या, “म्हणूनच तर बसली.” कागद कोरडा राहिला. गुंडी घेऊन आम्ही बाहेर पडलो, तर पायरीवर थांबून मला म्हणतात, “वाघाये भाऊ, तुमी पाहलं नं? कागद सुका होता नं?”

ही बाई आमच्याकडे सॉफ्टवेअरच्या तपासणीची मालकीण होती.

आता हे काम काय असतं ते सांगायला हवं. सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते कुठं कुठं ठोकून बघायचं, याचा एक आराखडा लिहितात. त्याला टेस्ट प्लॅन म्हणतात. लिहिताना तो ड्राफ्ट असतो, मग रिव्ह्यूला जातो, दोघातिघांनी वाचला की अप्रूव्ह होतो, आणि सगळ्यात शेवटी रिलीज. रिलीज झालेल्या प्लॅनवरच तपासणी करायची, त्याआधी केलेली तपासणी आमच्याकडे धरत नसत. तपासणी नाही तर डिलिव्हरी नाही. अप्रूव्ह आणि रिलीज या दोन्ही शिक्क्यांपुढं एकच नाव उमटायचं, सुनंदा गजभिये. त्यामुळं आमच्याकडे कुठल्याही कामाचं काय झालं असं विचारलं की ठरलेलं उत्तर होतं, “मॅडमनी अजून रिलीज केलं नाही.”

मालक निखारे भैया. त्यांच्या घरात आजोबांपर्यंत हातमाग होते, वडिलांनी लुगड्यांचं दुकान टाकलं, आणि या दिवट्यानं त्या पैशात कॉम्प्युटर मांडले. माणूस गोड, पण घाईचा. गिऱ्हाइकाला ‘झालंच समजा’ असं सांगायची त्यांना सवय होती, आणि ते ‘झालंच’ मॅडमच्या टेबलावर येऊन अडायचं. दोघं एकमेकांशी फार आदरानं बोलत. इतक्या आदरानं माणसं एकमेकांशी बोलायला लागली की मला आपोआप शंका येते.

मॅडम पासवर्ड टाकताना ओढणी कीबोर्डवर पसरायच्या. उठताना स्क्रीन बंद करायच्या, आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन बंद आहे ना ते बघायच्या. मी त्या ऑफिसात मराठी पुस्तिका लिहायचो, सॉफ्टवेअर कसं वापरावं वगैरे. माझं टेबल त्यांच्या शेजारी. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या स्क्रीनकडे मान वळवून पाहिलं असेल तर शपथ, पण त्यांनी खुर्ची मात्र भिंतीकडे पाठ करूनच ठेवली होती.

सुरुवातीला आम्ही रिव्ह्यू म्हणजे काय समजायचो ते सांगण्यासारखं आहे. प्लॅन यायचा, आम्ही थेट शेवटच्या पानावर जाऊन ‘वाचला, ठीक’ असं लिहायचो. एकदा मॅडमनी राइस मिलच्या सॉफ्टवेअरच्या प्लॅनमध्ये मधेच एक ओळ घातली: ‘वाचणाऱ्यानं उठून पंखा बंद करावा.’ दिवस उन्हाळ्याचे. प्लॅन सगळ्यांकडून फिरून आला, सगळ्यांचं ‘वाचला, ठीक’, आणि पंखा गरगरत होता. मॅडम उठल्या, पंखा बंद केला, आणि जागेवर येऊन बसल्या. आम्ही घामाघूम होऊन एकमेकांकडे बघतोय. शेवटी प्रवीण, हा आमचा तपासणीस पोरगा, लाखांदूरकडच्या दिघोरीचा, म्हणाला, “मॅडम, पंखा काहून बंद केला?”

“तुमीच तर ठीक म्हणले,” मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही प्लॅन वाचायला लागलो. कुठं काय लपवलं असेल या धाकानं वाचायचो, पण वाचायचो. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन कितीतरी वर्षं झालेली, तरी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्जुनी मोरगाव भंडारा जिल्ह्यातच नांदत होतं, ते त्या धाकातच सापडलं.

हा संशय त्यांच्यात कुठून आला, हे मी एकदाच विचारलं. डबा खाताना. त्या म्हणाल्या, “नागपूरले होती तवा सही माही अन् काम दुसऱ्याचं, असं झालं एकदा. अन् वाघाये भाऊ, चूक झाली का आमचं नाव आधी येते. तुमचं नाही येत.” एवढं बोलून डब्याचं झाकण लावलं. मी पुढं विचारलं नाही. कोंढ्याच्या बौद्ध वस्तीतली मुलगी, नागपूरला एम.सी.ए. करून आलेली, ‘आमचं’ म्हणजे काय ते मला कळत होतं, आणि कळतंय हे दाखवायची मला लाज वाटली.

मग ते नदीच्या फोनचं काम आलं.

वैनगंगेवरच्या एका बंधाऱ्याची दारं उघडायच्या आधी खालच्या अंगाच्या माणसांना आपोआप फोन जावा, असं ते सॉफ्टवेअर होतं. उन्हाळ्यात नदी आटली की लोक रेतीत टरबूज, काकडी, डांगराच्या वाड्या लावतात. रात्रंदिवस तिथंच खोपटं घालून राहतात. वरून पाणी सुटलं तर त्यांना कळायला हवं. वाडीवाल्यांनी दिलेल्या नंबरांची यादी होती, त्यावर फोन वाजणार, रेकॉर्ड केलेला आवाज सांगणार, ‘पाणी सोडण्यात येत आहे, नदीपात्रातून बाहेर या.’ प्रवीणनं प्लॅन लिहिला. फोन लागला का, उचलला का, पूर्ण ऐकला का. तिन्हीला हो आलं तर पास. आम्ही वाचला, पंख्याच्या भीतीनं दोनदा वाचला. मॅडमनी अप्रूव्ह केला.

आणि रिलीज करेनात.

निखारे भैया येरझाऱ्या घालू लागले. गिऱ्हाइकाला ‘झालंच समजा’ केव्हाच सांगून झालं होतं. “मॅडम, काय राहिलं?” असं विचारलं की मॅडम म्हणायच्या, “बघते.” कारण विचारलं तर सांगत नव्हत्या. ऑफिसात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, नागपूरच्या एका कंपनीशी यांचं बोलणं चाललंय आणि आपलं काम पाडायचं ठरलंय. कोणी म्हणे, नुसता तोरा आहे. मलाही वाटून गेलंच, की बाई, अप्रूव्ह तुम्हीच केलंत, मग आता कशाला अडवता?

त्यातच ते चुलतबहिणीचं लग्न आलं आणि मॅडम कोंढ्याला गेल्या.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात पोचलो तेव्हा त्या आधीच येऊन बसल्या होत्या. कॉम्प्युटर बंद. ओढणी मांडीवर.

“वाघाये भाऊ, शनिवारी माह्या खुर्चीवर कोण बसलं होतं?”

“कोणी नाही.”

“तुमी दिवसभर होते?”

“जेवायला गेलो होतो.”

“मंग कोणी नाही, हे तुमाले कसं माहीत?”

प्रवीण आला, त्यालाही तेच विचारलं. तो पाणी प्यायला, मग परत पाणी प्यायला. एवढ्यात निखारे भैयांनी खालून सगळ्यांसाठी तर्रीपोहे मागवले. तेव्हाच मला वास आला, आणि तो तर्रीचा नव्हता. भैयांनी स्वतःहून कोणाला पोहे घातल्याचं आमच्या इतिहासात नाही.

मॅडमनी प्लेटला हात लावला नाही. “नदीचा प्लॅन माह्या नावानं रिलीज झाला. मी इथं नव्हती. कोणं केला?”

प्रवीणनं भैयांकडे पाहिलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

“मी केला,” निखारे भैया म्हणाले. रजेवरच्या माणसाचं काम अडू नये म्हणून मालकाला कोणाच्याही नावानं आत शिरता येत असे. ती किल्ली त्यांनी वापरली होती. “कंपनी माही आहे, मॅडम. अन् अप्रूव्ह तर तुमीच केलं होतं. मंग रिलीज कायले अडवलं?”

“मले खटकत होतं.”

“काय खटकत होतं?”

“ते तवा सांगता येत नव्हतं.”

“हे पाहा,” भैया आमच्याकडे वळून म्हणाले, “कारण नाही, अन् काम अडवून बसल्या. शनिवारी यादीतल्या नंबरांवर टेस्टिंग केलं तर सगळं पास झालं. सगळं.”

“मले माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्यातला एक फोन मीच उचलला.”

मग त्यांनी सांगितलं. शनिवारी विहारात लग्न लागत होतं. त्यांचे बाबा सकाळीच नदीतल्या आपल्या वाडीवर गेले होते, टरबुजाची गाडी भरायची होती. मांडवात मॅडमचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला तर आवाज सांगतोय, पाणी सोडण्यात येत आहे, नदीपात्रातून बाहेर या. आवाज ओळखीचा, आमच्याच ऑफिसात रेकॉर्ड केलेला. आपल्या नावानं कोणीतरी रिलीज केलंय हे त्यांना त्या मांडवात उभ्या उभ्याच कळलं. पण त्या घाबरल्या ते त्यासाठी नाही.

“फोन मले आला, भैयाजी. मी मांडवात. माहे बाबा रेतीत. ही चाचणी आहे का खरं पाणी सुटलं, हे त्या आवाजात कुठं होतं? मी बाबाच्या मागं चपला न घालता धावली. लग्न तिकडंच राहिलं.”

“पण फोन तुमाले काहून आला?” भैयांनी विचारलं.

“बाबानं माहा नंबर देल्ला.”

यात काही नवल नव्हतं, आणि तेच आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे गॅस असो, बँक असो, रेशन असो, कोणी नंबर विचारला की घरातल्या नोकरीवाल्या लेकराचा नंबर देतात. त्याच्या फोनला रेंज असते, बॅलन्स असतो, आणि तो साहेबाशी नीट बोलतो. माझ्या वडिलांनीही जन्मभर माझाच दिला. आम्ही सगळे खेड्यातून आलेले, सगळ्यांच्या फोनवर बापाच्या गॅस सिलिंडरचे मेसेज येतात, आणि आम्ही ‘फोन लागला, उचलला, ऐकला’ असा प्लॅन लिहून तो दोनदा वाचून ठीक म्हटला होता.

निखारे भैया मात्र सहजासहजी विश्वास ठेवणारे नव्हते. डोळे बारीक करून म्हणाले, “नेमके तुमचेच बाबा त्या यादीत? मॅडम, तुमाले हे आधीच माहीत असन. काम पाडायले बरं कारण भेटलं.”

मॅडमनी टेबलावरचा ऑफिसचा फोन त्यांच्याकडे सरकवला. “माह्यावर भरोसा ठेवू नका. तुमीच लावा, कोणाचाही. एकच इचारा, आता कुठं बसले आहा.”

भैयांनी स्पीकर चालू केला आणि मनाला येईल तो नंबर लावला. “हॅलो, मी भंडाऱ्यावरून बोलून राहिलो. आपण आता कुठं आहा जी?”

“पुण्यात, ऑफिसात. कोण पाहिजे?”

दुसरा लावला. मागून यंत्रांची खडखड. “बुटीबोरीले ड्युटीवर हाय. मंग लावा.”

तिसरा एका बाईनं उचलला. ती सासरी होती, तुमसरला, आणि माहेरच्या वाडीचा फोन आपल्याला का यावा हे तिलाच आम्हाला विचारायचं होतं. चौथ्या ठिकाणी एक तरुण आवाज आला. भैयांनी विचारलं, “तुमी नदीवरच्या वाडीत आहा का?”

“नाही जी, मी सुरतले. काहून? माह्या बापाले काय झालं?”

“काही नाही झालं, बाप्पा,” भैया घाईघाईनं म्हणाले. “काही नाही. सहज लावला.”

“खरं सांगा जी. बाबाले काय झालं?”

त्याची समजूत घालायला बराच वेळ लागला, आणि तरी ती पटली असं मला वाटलं नाही. फोन ठेवल्यावर भैयांनी पुढचा नंबर लावला नाही. पोहे निवून गेले होते.

मॅडमनी आता कॉम्प्युटर लावला, ओढणी कीबोर्डवर पसरून. प्लॅन रिलीजवरून काढून ‘मागे घेतला’ या शिक्क्याखाली टाकला. कारण लिहायच्या जागी त्यांनी लिहिलं की अप्रूव्ह करणाऱ्या व्यक्तीनं फोन कोणाच्या खिशात आहे हे विचारलं नाही. खाली स्वतःचं नाव. मग भैयांना म्हणाल्या, “हे माहं झालं. आता रिलीज कोणं केला ते तुमच्या नावानं लिहा.”

“आता तर मागं घेतला नं, मॅडम? झालं गेलं.”

“एखादा वाहून गेला असता तर कागदावर कोणाचं नाव होतं?” आवाज जराही चढला नव्हता. “पोलीस माह्या घरी आले असते, भैयाजी. माहा बाप गेला असता तरी माह्याच घरी आले असते.”

निखारे भैयांनी लिहिलं. उभ्यानंच टाइप केलं, दोन बोटांनी. मला त्या क्षणी त्या माणसाचं कौतुकही वाटलं, कारण नाही म्हणायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

डिलिव्हरी लांबली. गिऱ्हाईक रागावलं, भैयांनी बोलणी खाल्ली. नवा प्लॅन मॅडमनी प्रवीणकडून इतक्यांदा लिहून घेतला की तो झोपेतही ‘कुठं आहा जी’ असं बरळत असावा. आता फोन उचलणाऱ्यानं मी नदीवर आहे असं बटण दाबून सांगायचं. नाही दाबलं किंवा उचललाच नाही, तर लगेच दुसरा नंबर, वाडीवरच्या माणसाचा. तोही नाही लागला तर गावातल्या भोंगेवाल्याला. मॅडमनी प्रवीणला भर उन्हात रेतीत उभं केलं आणि स्वतः काठावर छत्री धरून बसल्या. रिलीजचं बटण दाबायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, “काही राहिलं? पाहा बरं.” दाबल्यावरही बराच वेळ स्क्रीनकडे अविश्वासानं बघत राहिल्या.

त्यानंतर त्या दोघांतला आदर आणखी वाढला. भैया मॅडमना विचारल्याशिवाय पंखाही लावेनात, आणि मॅडम भैयांच्या हातचा पेढासुद्धा आधी दुसऱ्यानं खाल्लेला बघून खायच्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना नागपूरच्या कंपनीत नोकरी लागली. म्हणजे ती कुजबुज आधीपासून खरी होती, की आमच्या कुजबुजीला कंटाळून त्यांनी ती खरी केली, हे मला आजही सांगता येत नाही. निरोपाला ऑफिसनं पितळेचं ताट दिलं. त्यांनी ते सगळ्यांसमोर बोटानं वाजवून पाहिलं. भैयाच आधी हसले.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. नागपूरला जायच्या आधी त्या कोंढ्याला जाऊन येणार होत्या. गाडी लागली होती, कंडक्टर आणि एक म्हातारा या दोघांना विचारून झालं होतं, आणि पायरीवर पाय ठेवतानाच त्यांचा फोन वाजला.

त्यांनी स्क्रीनवर नंबर पाहिला आणि फोन तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. तो वाजतोय, मागची माणसं ‘बाई, चढा ना’ म्हणताहेत, कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून बघतोय.

“उचला ना,” मी म्हटलं.

“नदीचा हाय,” त्या म्हणाल्या. “मी उचलला अन् चुकून बटण दाबल्या गेलं तर मशीनले वाटन का पोचलं. वाजू द्या.”

वाजून वाजून फोन बंद झाला. नियमानं आता दुसरा नंबर लागायला हवा होता, वाडीवरच्या बाबांचा, जो त्यांनी स्वतः घेऊन दिला होता. मॅडम पायरीवरून खाली उतरल्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत होत्या. मला वाटतं मी तेव्हा मनात देवाचं नाव घेतलं, आणि मी काही देवभोळा नाही.

मग त्यांनीच फोन लावला. बाबांचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला. “आला फोन, आला. बटण दाबलं. आलो वर. काठावर हाये मी.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “आईले द्या.”

“अवं, मी सांगून राहिलो नं…”

“तुमी नका सांगू, बाबा. आईले द्या फोन.”

आई आली. ती काय म्हणाली ते मला नीट कळलं नाही, पण तिच्या मागं बकऱ्या ओरडत होत्या आणि कोणीतरी टरबुजं वर आणायला हाका मारत होतं. मॅडमनी डोळे पुसले, ताट काखेत धरलं आणि बसमध्ये चढल्या. खिडकीपाशी बसल्यावर काच सरकवून त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काही निरोपाचं बोलतील.

“वाघाये भाऊ, तुमी ऐकलं नं? आईच होती नं?”

“होय मॅडम,” मी म्हटलं. “मी ऐकलं.”

तेव्हा कुठं त्यांनी काच लावून घेतली.